टाक, शाई आणि ४५ अंशांच्या रेघा

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मला तेव्हा पुण्यात नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. रस्ते बंद, फोन लागला तर लागला. आई-बाबा आणि आजी वेळेवर बाहेर पडले होते, एवढंच कळलं होतं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या घरी पोचलो, तर भिंतीवर कमरेच्या वीतभर वर चिखलाची रेघ उमटलेली. अगदी सरळ, पट्टी लावून मारावी तशी.

आजोबांची पत्र्याची ट्रंक बाबांनी निघताना टेबलावर चढवली होती, त्यामुळे ती अर्धीच बुडाली. आत तीन गोष्टी होत्या. आजोबांच्या डायऱ्या, एक जाड पुठ्ठ्याची वही, आणि तिरकी ठेवलेली कापडाची एक गुंडाळी. तिन्ही एकाच पाण्यात, तितकेच दिवस भिजलेल्या. पण तिघींचं तीन प्रकारे झालं.

डायऱ्या गेल्या. पानं होती, पण त्यांच्यावर फक्त निळे ढग. आजोबा फाउंटन पेनने लिहायचे आणि ती शाई पाण्यात विरघळते. वही फुगून भाकरीसारखी झाली होती, पण उघडली तर आतली चित्रं जशीच्या तशी. बैलजोडी, चहाची टपरी, डोक्याला टापशी बांधलेली एक म्हातारी, लेथवर वाकलेला माणूस. काळ्या रेघा कुठेही पसरल्या नव्हत्या. आणि गुंडाळी अर्धी कडक, अर्धी मऊ. कडक अर्ध्यावर कसल्या तरी यंत्राचं सुबक ड्रॉइंग. मऊ अर्धा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा आणि कोरा.

आजीने तो मऊ भाग बोटांत धरून चोळला. "हे ट्रेसिंगचं कापड," ती म्हणाली. "जुनी ड्रॉइंगं बाद झाली की मिळायची. गरम पाण्यात उकळलं की खळ निघून जायची, आणि असलं तलम कापड हाताला लागायचं! तुझ्या बाबाची झबली मी याचीच शिवली."

"आणि डायरीत काय लिहायचे?"

"मला काय ठाऊक? मी कधी उघडली नाही."

आमच्यापैकी कोणीच उघडली नव्हती. आजोबा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि आता वाचायला काही उरलं नव्हतं. उरली ती चित्रं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं, याचा माग लागलाच तर तिथेच लागणार होता. पण चित्र वाचायचं कसं, हे मला येत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या पेपरात मी काठावर पास झालेला माणूस. नंतर चार ओळी कोड लिहायचं, चुकलं की पुसायचं, एवढंच हाताला माहीत.

*

साताऱ्याचे माझे मामा चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती पोरं बसवली असतील त्याचा हिशेब नाही. २०२०मध्ये ऑफिस घरातच आलं तेव्हा मी महिन्यातून दोन-तीन शनिवार-रविवार त्यांच्याकडे जायला लागलो (परवानगी असेल तेव्हा, ते दिवस तुम्हाला आठवत असतील). जाताना ऑनलाइन मागवलेले टेक्निकल पेनांचे महागडे संच घेऊन गेलो होतो. मामांनी ते बघितले, टोपणं लावली आणि कपाटात ठेवून दिले.

"आधी टाक धर. या पेनातून रेघ एकाच जाडीची येते. तुझा हात काय करतोय हे तुला कळणारच नाही."

टाक म्हणजे लाकडी दांडी आणि तिच्यात खोचायची निब. दुकानातून आलेल्या निबेवर गंजू नये म्हणून तेलकट थर असतो, तो पुसल्याशिवाय शाई धरत नाही. हे न सांगता मामांनी मला पहिला अर्धा तास वैतागू दिलं. मग शिकवणी सुरू झाली. निब अर्धीच बुडवायची. दौतीच्या काठाला टेकवून जादा थेंब सोडून द्यायचा. टाक नेहमी आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलला की निबेची दोन टोकं कागदात रुततात आणि शाईचा फवारा उडतो. जोर दिला की टोकं फाकतात आणि रेघ जाड होते, सोडला की बारीक. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून सुरुवात करायची, नाहीतर मनगट ओल्या शाईवरून फिरतं. काम झालं की निब लगेच धुवायची. इंडिया इंक म्हणजे मुळात काजळी, आणि वॉटरप्रूफ शाईत ती धरून ठेवायला लाख घातलेली असते. वाळली की पाण्याला दाद देत नाही, मग ती कागदावर असो नाहीतर निबेवर. पुरातून वही वाचली त्याचं कारण मला असं एका तुंबलेल्या निबेने सांगितलं.

तीन आठवडे फक्त समांतर रेघा. मग रेघांवर तिरक्या रेघा टाकून जाळी. मग ठिपके. काळी शाई आणि पांढरा कागद, मध्ये तिसरं काही नाही. करडा रंग हवा असेल तर तो डोळ्याला फसवून मिळवायचा, रेघा जवळ आणून किंवा लांब नेऊन. माझ्यासारख्याला हे लवकर पटलं. एका बिटात चित्र बसवायचं तर दुसरा उपाय काय? मामांच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. त्याचा एक उतार सकाळी उन्हात आणि एक सावलीत असतो, तो मी सलग पाच रविवार काढला. पाचव्यांदा तो डोंगरासारखा दिसला. आधीचे चार चटईसारखे होते.

मामांचं एक वाक्य मात्र मला फार दिवस कळलं नाही. माझ्या रेघा बघून ते म्हणायचे, "तू ओढतोयस. फेक."

*

साताऱ्यात बसून टाकाबद्दल बोलायचं आणि सज्जनगडाला वगळायचं, हे मामांना चालण्यासारखं नव्हतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास म्हणजे 'लेखनक्रियानिरूपण'. मी तो अध्यात्म असेल म्हणून वाचायला घेतला आणि हातात आलं एक कडक वर्कशॉप मॅन्युअल. अक्षर वाटोळं आणि काळंभोर असावं, ओळी सरळ याव्यात, भोवती समास सोडावा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. बोरू कसले आणावेत, तोडायचे कसे, कागद, शाई, चाकू, सगळ्याची दखल आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही, हेही. सतराव्या शतकातल्या माणसाने चष्म्याच्या नंबराचा इतका रोकडा विचार केलेला बघून मला हसू आलं.

पण तिथे रेघ अक्षरासाठी होती. नुसत्या रेघेचं चित्र घराघरांत पोचायला छापखाना यावा लागला. आमच्या भागात ती गोष्ट एका रंग न दिसणाऱ्या चित्रकारापासून सुरू होते, असं माझं मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्याला काही रंगांतला फरक कळत नाही. रंगकाम सुटलं. सुटलं नाही ते यांत्रिक ड्रॉइंग, कारण त्याला रंग लागतच नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकवलं. मग बेळगाव, सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा मदतीला आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९मध्ये गादीवर बसलेले, स्वतः हाडाचे चित्रकार. संस्थान लहान आणि नकाशावर तुकड्या-तुकड्यांचं. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. त्यातल्या कुंडलच्या स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये, 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. माझं आजोळ आणि माझं घर यांत वाटतं तेवढं अंतर नाही, ते असं.

चित्रकार राजाने एका चित्र सुटलेल्या चित्रकाराला कारखान्यासाठी जमीन दिली, हे मी औंधच्या डोंगरावर उभा राहून पहिल्यांदा नीट समजून घेतलं. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं आई आणि बाळाचं दगडी शिल्पसुद्धा आहे. बाहेर माळ, शेळ्या, वारा. बाळासाहेबांनी स्वतः रामायणावर चित्रं काढली आणि १९१६मध्ये 'चित्ररामायण' छापलं. रंगीत चित्रांचं पुस्तक छापणं राजाला परवडतं. कुंडलच्या माळावर नांगर करणाऱ्यांना काय परवडणार?

त्यांना परवडणारा माणूस घरातच होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. जन्म १८९१. तेही चित्रकला शिकलेले, आणि शिकले कुठे, तर लाहोरला, पंडित सातवळेकरांकडे. सातवळेकर वेदांचे अभ्यासक म्हणून आपल्याला माहीत असतात, पण ते आधी जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार. लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता आणि नंतर, १९१८मध्ये, तेही औंधलाच येऊन राहिले. म्हणजे बघा, राजा चित्रकार, कारखानदार चित्रकलेचा माजी विद्यार्थी, पुतण्या चित्रकार आणि पुतण्याचा गुरू चित्रकार. या चौघांपैकी कोणीही औंध संस्थानाच्या माळावर योगायोगाने आलं नसेल, असं वाटण्याचा मोह होतो. मी तो आवरतो.

लोखंडाचा नांगर घातला तर जमीन विषारी होईल, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. ते घालवायला नुसता चांगला नांगर पुरत नाही. तो दाखवावा लागतो, समजावून सांगावा लागतो. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवात कारखान्याच्या घरच्या पत्रिकेची, पण शंकररावांनी त्याचं मोठं मासिक केलं. पुढे १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' आलं. आणि या मासिकात शंकरराव स्वतः टाकाने व्यंगचित्रं काढत. त्यांच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकाचं नाव आहे 'टाकांच्या फेकी'.

हे नाव मामांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. फेक. मामा दोन महिने ओरडत होते ते हे.

*

फेक म्हणजे काय ते सांगण्याआधी टाकच का, हे सांगायला हवं. त्याचं उत्तर जस्ताच्या पत्र्यात आहे.

फोटो किंवा रंगवलेलं चित्र छापायचं तर हाफटोन ब्लॉक लागायचा. त्यात चित्र बारीक जाळीतून फोडून लहान-मोठ्या ठिपक्यांत उतरवतात. ते गुळगुळीत कागदावर खुलतं आणि साध्या खरखरीत कागदावर त्याचा काळा चिखल होतो. रेघांच्या चित्राला लाइन ब्लॉक पुरतो. चित्राची निगेटिव्ह घ्यायची, प्रकाशाने बदलणारा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ती उतरवायची आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघ जिथे आहे तिथलं जस्त वाचतं, बाकीचं खाल्लं जातं. उरलेली उंच रेघ लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकली की ती खिळ्यांच्या शेजारी बसते, त्याच यंत्रावर, त्याच शाईत, कसल्याही कागदावर छापली जाते. ब्लॉकला करडा कळत नाही. फिकट पेन्सिलची रेघ तो एकतर गिळतो, नाहीतर काळीभोर करतो. म्हणून मासिकासाठी काढणाऱ्याला टाक आणि काळी शाई घ्यावीच लागायची, आणि सावली हवी असेल तर रेघा मोजून टाकाव्या लागायच्या. मराठी मासिकांतली ती सगळी तुटक, नेमकी, काळी-पांढरी चित्रं आपल्याला 'शैली' म्हणून आवडतात. त्यातली निम्मी शैली ॲसिडची आहे.

शिवाय या कामात इंजिनिअर कायम घोटाळत आलेले दिसतात. कोल्हापूरचे वसंत सरवटे सिव्हिल इंजिनिअर होते, सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर रेघा काढल्या. 'ललित' मासिकातला तो ठणठणपाळ त्यांचाच. आणि आटपाडीकडच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर इंजिनिअर नव्हते, पण प्राण्या-पक्ष्यांची रेखाटनं स्वतः करायचे. त्यांचा मुलूखही औंध संस्थानातलाच.

*

आता आजोबा. ते १९५०च्या दशकात किर्लोस्करवाडीला ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग होण्याआधीच्या काळात डिझाइन करणारा माणूस पेन्सिलीने कागदावर काढायचा. त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून, वर खडूची पूड चोळून (नाहीतर शाई धरत नाही), ट्रेसर त्याच रेघा शाईत गिरवायचा. या कापडी प्रतीवरून मग ब्लूप्रिंट निघायच्या आणि त्या शॉपमध्ये जायच्या. ट्रेसरचं साधन रूलिंग पेन, दोन पाती आणि मध्ये एक स्क्रू. स्क्रू फिरवून जाडी ठरवायची. वस्तूची कड जाड, लपलेली कड तुटक, मध्यरेषा लांब-आखूड साखळीची. आणि वस्तू कापून आतून दाखवायची असेल तर कापलेल्या धातूवर ४५ अंशांत बारीक समांतर रेघा, एकसारख्या अंतरावर. शेजारी दुसरा भाग आला की रेघांची दिशा उलटी.

कोपऱ्यात एक चौकट असते. ड्रॉन बाय, ट्रेस्ड बाय, चेक्ड बाय. ट्रेसरची आद्याक्षरं मधल्या घरात. रेघ सबंध त्याच्या हातची, पण त्यातली एकही त्याने ठरवलेली नाही.

आमच्या गुंडाळीवरचं ड्रॉइंग सेंट्रिफ्यूगल पंपाचा छेद आहे. वरचा अर्धा भाग शाबूत आहे, शंखासारखा उलगडत जाणारा केसिंगचा वळसा मध्येच थांबतो आणि खाली कोरं कापड. शाई वॉटरप्रूफच होती, पण ती बसली होती खळीवर. खळच धुऊन गेली, तिच्याबरोबर रेघाही. खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकटही त्यातच गेली. वहीत शाई सरळ कागदावर होती, म्हणून ती राहिली. ऑफिसच्या कामातलं त्यांचं नाव पाण्यात गेलं आणि घरच्या चित्रांवर त्यांनी सही केलीच नव्हती.

मामांकडे दीड वर्ष घासल्यावर मी ती वही पुन्हा उघडली. या वेळी रेघा दिसल्या. पहिल्या पानांवर बैलाच्या पोटाची सावली बघा: समान अंतराच्या, समान जाडीच्या रेघा, सगळ्या ४५ अंशांत. बैल कापलेल्या बिडाचा असावा तसा. म्हातारीचा गाल ४५ अंशांत, टपरीचं छप्पर ४५ अंशांत आणि छपराखालच्या फळीच्या रेघा उलट्या दिशेने, कारण शेजारचा भाग वेगळा! दिवसभर ऑफिसात जे हात करत होते, तेच संध्याकाळी घरी करत होते. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ते जेवणानंतर कंदिलाशी की बल्बशी बसलेले दिसले, हात आपोआप त्याच कोनात जाताहेत आणि ते त्याला वळवू पाहताहेत.

कारण वळवू बघत होते, हे नक्की. वहीच्या मधल्या पानांवर नुसत्या रेघा आहेत, चित्र नाहीच. वाकड्या, सुटलेल्या, जाड सुरू होऊन बारीक संपणाऱ्या. पानंच्या पानं. आधी मला वाटलं निब तपासत असतील. मामांनी पान तिरकं धरून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे फेक शिकतायत."

ओढलेल्या रेघेचं टोक कुठे यायचं ते आधी ठरलेलं असतं, हात तिथपर्यंत जातो आणि थांबतो. फेकलेली रेघ खांद्यातून सुटते, टाक कागदावरून उचलला जाताना रेघ आपोआप निमुळती होत संपते. ती कुठे संपणार याचा अंदाज असतो, खात्री नसते. ट्रेसरने अशी रेघ मारली तर कापड बाद. व्यंगचित्रकाराने मारली नाही तर चित्र मेलेलं. आजोबांनी 'टाकांच्या फेकी' पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याच वाडीत ते राहत होते आणि ती मासिकं आमच्या घरात यायची, एवढं आजी सांगते.

वहीचं शेवटचं चित्र आजीचं आहे. पाठमोरी, शिवणाच्या मशीनवर वाकलेली. मानेपासून कमरेपर्यंत एकच रेघ, वर जाड आणि खाली हवेत विरलेली. पदराची सावली सात-आठ फटकाऱ्यांत, एकही ४५ अंशांत नाही. चित्रात मशीनखाली एक कापड लोंबतंय. आजीला दाखवलं तर ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "त्यांना सांगितलं होतं, माझं काही काढू नका म्हणून." वही मात्र तिने परत दिली नाही. आता ती तिच्या उशाशी असते.

मी सध्या पंप पुरा करतोय. वरच्या अर्ध्यावरून खालचा वळसा गणिताने काढता येतो, तेवढं इंजिनिअरिंग अंगात आहे. ट्रेसिंगचं कापड आता मिळत नाही, म्हणून ट्रेसिंग पेपरवर. जुन्या बाजारात एक रूलिंग पेन मिळालं, त्याच्या पात्यांना धार लावून मामांनी ते चालतं केलं. ४५ अंशांच्या रेघा मी मारतो तेव्हा दर आठवी-नववी रेघ शेजारणीला चिकटते. त्यांच्या कापडावर भिंग लावून शोधलं, एकही चिकटलेली नाही.

गेल्या महिन्यात अर्धवट झालेला कागद आजीला नेऊन दाखवला. चष्मा लावायच्या आधीच तिने त्याचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला.

"याची झबली नाही व्हायची," ती म्हणाली.